कोणती बहिरवाडी?

केंद्रप्रमुख म्हणजे नेमकं कोण, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मी शिक्षिका होते तोवर त्यांना सोपं होतं. सून शाळेत शिकवते, विषय संपला. मग मला बढती मिळाली, शिकवणं सुटलं आणि मी रोज सकाळी स्कूटीला डबा लटकवून डोंगराकडे निघायला लागले. कुसगावातल्या शेजारणींनी विचारलं की त्या म्हणायच्या, "ती आता शाळांना सांगून येते." काय सांगून येते, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुष्कळदा मलाही नसायचं.

ज्यांचा या खात्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. जिल्हा परिषदेच्या दहा-बारा शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या शाळांवर लक्ष ठेवणारा तो केंद्रप्रमुख. त्याच्या हाताखाली शिपाई नसतो, त्याच्याकडे गाडी नसते आणि कसलाही निर्णय घ्यायचा अधिकार नसतो. निर्णय वर होतात. ते खाली पोचवायचे, लोकांना पटवायचे आणि पटले असा कागद वर पाठवायचा. उलट, खालची हकीगत वर न्यायची: पट किती, म्हणजे शाळेच्या हजेरीपुस्तकात नावं किती, खिचडी किती ताटं झाली, छप्पर कुठे गळतं. माझं केंद्र नाणे मावळात होतं. कामशेतला हायवे सोडला की पुढे एकेक वाडी डोंगराच्या कुशीत चढत जाते. काही ठिकाणी स्कूटी खाली लावून चालत जावं लागायचं. चालण्याचं काही वाटलं नाही. जड जायचं ते पोचल्यावर काय बोलायचं हे.

आमच्या भागात बातमीची गंमत अशी की ती रस्त्याने कमी आणि फोनवरून जास्त चढते, आणि चढताना थोडी वाकते. एका पावसाळ्यात, धो धो कोसळत असताना, संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर निरोप फिरला: 'अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी.' खाली सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. मला एकामागून एक अकरा मुख्याध्यापकांचे फोन. "मॅडम, सुट्टी खरी का?" मी वर फोन लावला. वरून विचारलं, "तुमच्याकडे काय ठरलंय?" मी म्हटलं, आमच्याकडे तुम्ही काय ठरवता तेच ठरतं. ते म्हणाले, "बघून सांगतो." सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्या शाळा उघड्या, निम्म्या बंद. एका वाडीत गुरुजी आले नाहीत पण पोरं आली, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी त्यांना जेवायला घालून, पाढे म्हणायला लावून घरी पाठवलं. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं की तो निरोप आदल्या वर्षीचा होता. त्यावर मला खुलासा मागितला गेला. कशाचा खुलासा द्यायचा ते मला कळेना. शेवटी मी लिहिलं, 'पाऊस मात्र खरा होता.' ते वाक्य साहेबांनी खोडायला लावलं.

ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगून लोकांना हसवलं आहे. पुढची मात्र फारशी कुणाला सांगितलेली नाही.

माझ्या केंद्रात एक वाडी होती. तिला मी बहिरवाडी म्हणते. खरं नाव वेगळं आहे, पण ते असंच, डोंगरातल्या कुठल्याही वाडीला शोभेल असं होतं. वीस-बावीस घरं, बहुतेक ठाकर आदिवासींची. थोडी भाताची खाचरं, बाकी मजुरी. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथी. पट नऊ. दोन शिक्षक असायला हवेत, पण दुसरी जागा रिकामीच होती, त्यामुळे सुदाम गुरुजी एकटे चार वर्ग सांभाळायचे. वाडीत रेंज नव्हती. शाळेमागच्या एका खडकावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या, म्हणून गुरुजी दिवसातून दोनदा खडकावर चढून शासनाचे निरोप उतरवून घ्यायचे.

शाळा व्यवस्थापन समिती नावाची एक गोष्ट प्रत्येक शाळेत असते. पालकांचीच समिती, पालकांतलाच अध्यक्ष. बहुतेक गावांत ती कागदावर असते. बहिरवाडीची अध्यक्ष चांगुणाबाई होती. तिशीतली, काटक, स्वतः शाळेत न गेलेली. तिची मंदा तिसरीत होती. चांगुणाबाई सभेला यायची आणि समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे अशी बघायची की त्याने आपलं वाक्य नीट पुरं करावं.

त्या वर्षी शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा ग्रुपवर एक यादी आली. दहाच्या आत पट असलेल्या काही शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करायच्या. खात्याच्या भाषेत याला समायोजन म्हणतात. शाळा बंद करणं असं म्हणत नाहीत. यादीत एका ओळीत नाव होतं: बहिरवाडी. केंद्राचा रकाना कोरा. पुढे शाळेचा अकरा आकडी नंबर. प्रत्येक शाळेचा असा नंबर असतो, आणि नावं सारखी असली तरी नंबर सारखे नसतात.

नावं सारखी असतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आणखी एक बहिरवाडी पवन मावळात, धरणाच्या पलीकडच्या अंगाला आहे, हे मी ऐकून होते. मी ऑफिसात फोन केला. तिकडचा माणूस घाईत होता. म्हणाला, "तुमच्या शाळेचा पट नऊ आहे ना? मग तुमचीच असणार." मी म्हटलं, बरं. नवीन शिक्षकांना मी नेहमी सांगायची, आधी नंबर बघा, मग नाव. त्या दिवशी फोनच्या पडद्यावर ती यादी मुंगीएवढी दिसत होती, आणि मी नाव बघितलं.

आता यात माझा एक अभिमान आड आला, तोही सांगते. मला बोलता येतं. ऑफिसात म्हणायचे, "अवघड गावाला बाईंना पाठवा, बाई गोड बोलतात." दुसरीकडे शाळा हलवायची म्हटली की मोर्चे निघायचे, कुलपं लागायची, पेपरात फोटो यायचे. माझ्या केंद्रात असलं काही होत नसे, आणि मला त्याचं भारी वाटायचं.

बहिरवाडीत सभा शाळेच्या ओट्यावर झाली. भाताची रोपं टाकून झाली होती, लावणीला अवकाश होता, त्यामुळे माणसं होती. धोंडूआबा म्हणून वाडीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ, तेही भिंतीला टेकून बसले. मी आदेश समजावून सांगितला. खालच्या गावातल्या शाळेत पोरं जातील. अडीच किलोमीटर. येण्याजाण्याचा भत्ता मिळेल.

"आन् वढा?" धोंडूआबा म्हणाले.

वाटेत ओढा होता. पावसाळ्यात तो चार महिने भरून वाहतो.

"ओढ्यावर साकव बांधायचा प्रस्ताव देऊ, आबा. तोवर मोठ्या माणसाने सोबत जायचं."

"मोठी मानसं लावनीला जात्यात."

मी विषय वळवला. ते मला जमायचं. मी म्हटलं, "हे बघा, इथे नऊ पोरं आहेत, चार वर्गांत मिळून. कबड्डी खेळायची तर सुदाम गुरुजींना धोतर सावरून उतरावं लागतं." गुरुजी पँट घालायचे, पण बायका हसल्या. "तिथे पन्नास पोरं आहेत. दोन शिक्षिका आहेत, कॉम्प्युटर आहे. तुमच्या पोरांना बरोबरीची पोरं मिळतील." हे मी नुसतं पटवायला बोलत नव्हते. मला ते खरंच वाटत होतं, आणि आजही त्यातलं बरंचसं खरं वाटतं. म्हणून तर मला या सगळ्याचा नीट हिशेब लागत नाही.

चांगुणाबाई म्हणाली, "बाई, हे कुनी ठरवलं?"

"शासनाने."

"त्यांनी आमची वाडी बघितलीया का?"

"त्यांच्याकडे सगळ्या शाळांची माहिती असते."

"तुमी तर बघितलीया न्हवं? तुमाला काय वाटतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला वाटतं पोरांचं भलं होईल."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि तिने पहिला अंगठा दिला. तिच्यामागून बाकीच्यांनी दिले. अर्ध्या तासात ठराव झाला. उतरताना सुदाम गुरुजी म्हणाले, "मॅडम, मला वाटलं होतं आज आपल्याला मार बसतोय." मी हसले. कामशेतला गरम वडापाव घेतला, दोघांनी उभ्यानेच खाल्ला. मला वाटलं, काम झालं.

पंधरा दिवसांत नऊ पोरांची वाट लागली. चांगल्या अर्थाने म्हणा की वाईट. चार खालच्या गावातल्या शाळेत गेली. तिघांना आईबापांनी लांबच्या आश्रमशाळेत घातलं. ओढ्याची भीती नको आणि पोटाचीही सोय. त्यात मंदा होती. उरलेल्या दोघांचे आईबाप कुसगावकडे बंगल्यांवर कामाला होते, ते पोरं घेऊन तिकडेच राहायला गेले. शाळा होती म्हणून ती पोरं आजीपाशी होती, आता कशाला ठेवायची? सुदाम गुरुजींना खालच्या शाळेत बसायला सांगितलं. खोलीला कुलूप लागलं.

आणि मग एका दुपारी विस्तार अधिकाऱ्यांचा फोन आला. विस्तार अधिकारी म्हणजे केंद्रप्रमुखाच्या वरची पायरी. गृहस्थ सज्जन, पण आवाज नेहमी स्वतःला ताप आल्यासारखा.

"मॅडम, तुम्ही कोणती शाळा बंद केली?"

"बहिरवाडी."

"कोणती बहिरवाडी?"

मी कान्हे स्टेशनपाशी फाटकात उभी होते. गाडी जायची होती. मी यादी उघडली, बोटांनी मोठी केली आणि तो नंबर पहिल्यांदा नीट वाचला. शेवटचे पाच आकडे माझ्या शाळेचे नव्हते. गाडी गेली, फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मला स्कूटी सुरू कशी करतात तेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. तिथे तर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. एका टेबलावर सांगितलं, ताबडतोब शाळा पुन्हा उघडा. दुसऱ्या टेबलावर विचारलं, उघडण्याचा आदेश कुठाय? आदेशाशिवाय उघडाल तर अंगाशी येईल. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी माझ्याकडे दयेने बघून सांगितलं, "अहो, तुमच्या शाळेचा बंद करायचा आदेशच निघालेला नाही. म्हणजे ती बंद झालेलीच नाही. जी बंद झाली नाही ती उघडायची कशी?"

"पण तिथे कुलूप आहे," मी म्हटलं. "पोरं गेली."

"पोरं गेली ती पालकांच्या मर्जीने. दाखले तर नेलेत ना त्यांनी?"

दाखले मीच सही करवून दिले होते.

अंगठ्यांचा तो ठराव विस्तार अधिकाऱ्यांनी परत दिला. "हा फाईलला लावू नका. हा झालाच नाही असं समजा." मला कुणी रागावलं नाही, नोटीस दिली नाही. कागदावर काही घडलेलंच नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज नंतर वाटली.

पुन्हा बहिरवाडी चढले. लावणी ऐन भरात होती. बायका गुडघाभर चिखलात, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. मी बांधावर छत्री धरून उभी राहिले आणि हाका मारून सगळ्यांना जमवलं. जमले तेही चिखलाच्या हातांनी, वाकलेलं कंबरडं सरळ करत.

"शाळा बंद करायची नाहीये," मी म्हटलं. "चूक झाली. यादीतला नंबर दुसऱ्या बहिरवाडीचा होता, पवन मावळातल्या. तुमची शाळा चालू राहणार. पोरांना परत आणा."

पाऊस छत्रीवर वाजत होता.

"चूक कुनाची झाली?" चांगुणाबाईने विचारलं.

"वरून झाली. वरच्या गडबडीत नाव चुकलं."

"वरून म्हंजी कुटनं?"

"ऑफिसातून."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, वाक्य पुरं व्हायची वाट बघत असल्यासारखी. मी तिथेच थांबले.

"बाई," ती म्हणाली, "मंगा तुमी म्हनलात पोरांचं भलं हुईल. आता म्हनताय परत आना. मंगा खरं व्हतं का आता खरं हाय?"

"दोन्ही..." मी म्हटलं.

"माझी मंदी तितं रडती. पन दोन येळ जेवती बी. तुमी सांगा, आनू का ठिवू?"

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले होते. त्या बांधावर मला काही सुचेना. शाळा पुढच्या वर्षी तरी राहील का, हे मला ठाऊक नव्हतं. तिला आणा म्हणावं आणि पुन्हा यादी आली तर? ठेवा म्हणावं तर मी इथे आले कशाला? मी म्हटलं, "मला नाही सांगता येत, चांगुणाबाई."

"तवा लय सांगता येत व्हतं," ती म्हणाली, आणि पुन्हा चिखलात उतरली.

खालच्या शाळेतल्या चौघांपैकी दोघं परत आली. बाकी दोघींचे आईबाप म्हणाले, पोरी रमल्यात, आता सारखं हलवायचं न्हाई. रमल्या होत्या, हेही खरं. मी त्यांना पाहिलं. त्या नव्या मैत्रिणींबरोबर ठिक्कर खेळत होत्या. मला बरं वाटावं की वाईट, ते कळेना.

आता दुसरी बहिरवाडी. तिचा पट सहा होता आणि आदेश खरोखर तिचा होता. ते केंद्र माझं नव्हतं. पण तिथल्या केंद्रप्रमुखांनी ऑफिसात सांगितलं की लोक बिथरलेत, आणि ऑफिसात सगळ्यांना माझी आठवण झाली. "बाई, तुम्हाला अनुभव आहे. एकदा जाऊन या." अनुभव कसला, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. शनिवारची सभा ठेवली होती. लोणावळ्याकडून धरणावर जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत मी दीड तास अडकले आणि सगळा वेळ मनात तेच घोळवत होते: बरोबरीची पोरं, दोन शिक्षिका, कॉम्प्युटर. वाक्यं पाठ होती. तोंडात नुसती फिरत होती.

पोचले तर माणसं बसलेली होती आणि बायकांत, पुढच्या रांगेत, चांगुणाबाई.

मी दचकले. शेजारच्या बाईने सांगितलं, "आमची लेक हाय ती. म्हायेर हाय तिचं हितं." दोन्ही बहिरवाड्यांत सोयरीक आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या खात्याला या वाड्यांची नावं नीट वेगळी करता येत नव्हती, आणि त्यांच्यात पोरी दिल्या-घेतल्या जात होत्या.

मी बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. चांगुणाबाई उठून उभी राहिली.

"ह्या बाई लय ग्वाड बोलत्यात," ती वाडीला म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मी आइकलं. पयला आंगठा माझा. आता माझी पोर लांब हाय आन् शाळा हाय का न्हाई ते ह्यांस्नीच ठावं न्हाई. तुमी आइका, पन आंगठा द्यायच्या आदी ह्यांच्याकडनं नंबर वाचून घ्या."

मी नंबर वाचला. तिथल्या गुरुजींनी भिंतीवर रंगवलेला नंबर बोट ठेवून ताडून बघितला. एकेक आकडा. बरोबर होता.

"बरुबर हाय," कुणीतरी म्हणालं. "मग आता?"

आता माझी पाळी होती. आदेश खरा, नंबर खरा. पटवायला सगळी वाक्यं हाताशी होती. मी त्या माणसांकडे बघितलं, मग चांगुणाबाईकडे. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तुम्हाला पोरं पाठवायची आहेत का?"

"न्हाई," सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं: 'ग्रामस्थांचा विरोध. ठराव झाला नाही.' माझ्या नोकरीतला तो पहिला न झालेला ठराव. ऑफिसात भुवया उंचावल्या. मग लोकांनी जिल्ह्याला निवेदन दिलं, कुणी पुढारी आले, फोटो निघाले. ती शाळा राहिली. माझ्या माहितीप्रमाणे अजून आहे.

आणि माझी बहिरवाडी, जिच्यावर कसला आदेशच नव्हता? सप्टेंबरअखेर पट मोजतात. तो निघाला दोन. सुदाम गुरुजी पुन्हा वर येऊन दोन पोरांना घेऊन बसायचे. एक चौथीत होता, तो पुढच्या जूनमध्ये खाली पाचवीला गेला. राहिलेली मुलगी एकटी कशी बसणार, तीही गेली. पट शून्य. बंद करायला आदेशही लागला नाही. जिचा नंबर यादीत होता ती शाळा वाचली आणि जिचा नव्हता ती संपली. मी हे किती वेळा उलटसुलट मांडून बघितलं. मधला दुवा दर वेळी मीच निघते.

निवृत्तीच्या समारंभात शाल, श्रीफळ, आणि भाषणं. विस्तार अधिकारी बोलले, "बाईंच्या केंद्रातून कधी एक तक्रार आली नाही." टाळ्या पडल्या. मी उत्तराच्या भाषणात बहिरवाडीचं नाव घ्यायचं ठरवून गेले होते. चार ओळी लिहिलेली चिठ्ठी पदराच्या टोकात होती. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

त्यानंतरच्या थंडीत मी एकदा कुणाला न सांगता बहिरवाडीला गेले. काही काम नव्हतं, काही सांगायचा निरोप नव्हता. असं मी त्या वाटेने कधीच गेले नव्हते. धोंडूआबा आदल्या पावसाळ्यात गेले, हे वाटेतच कळलं. शाळेच्या ओट्यावर भात वाळत घातलं होतं. चांगुणाबाई कोंबड्या हाकत तिथेच बसली होती. मला बघून तिने पोतं सरकवलं. मी बसले.

"मंदा कशी आहे?"

"पाचवीत हाय. हिकडं आली का आमच्यावानी बोलत न्हाई, पुस्तकावानी बोलती. बापाला हसू येतं." मग म्हणाली, "मला न्हाई येत."

"चांगलं शिकतेय म्हणजे."

"व्हय. शिकतीया." तिने एक कोंबडी हाकलली. "बरं झालं का वाईट झालं, काय कळत न्हाई बाई."

मग मी सांगितलं. किती दिवस घोळवलेलं ते दोन वाक्यांत संपलं. "चांगुणाबाई, चूक वरची नव्हती. यादीत नंबर बरोबर होता, मी बघितला नाही. चूक माझी होती."

मला वाटलं ती रागावेल. किंवा म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. दोन्हीची मी तयारी करून गेले होते.

ती माझ्याकडे नेहमीसारखी बघत राहिली, पण या वेळी वाक्य पुरं झालं होतं.

"मग तवाच का न्हाई सांगितलं?" ती म्हणाली. "त्या बांधावर हुभ्या व्हतात तवा? तुमी म्हनलात वरनं चूक झाली. वरच्यांवर कोन इश्वास ठिवनार? आज बंद म्हनत्यात, उद्या चालू म्हनत्यात, परवा आनी बंद. म्हनून बाकीच्यांनी पोरं आनली न्हाईत. तुमी म्हनला असतात ना, की चांगुणे, मी चुकले, तर मी त्याच दिसाला मंदीला घिऊन आले असते. समद्यांनीच आनली असती. तुमास्नी आमी वळखत व्हतो की."

ती उठली, घरात गेली, आणि आतून तिने विचारलं, चहा कोरा चालेल का, दूध न्हाई. मी म्हटलं, चालेल. ती चूल पेटवत असताना कोंबड्या पुन्हा भातावर आल्या. मी उठून त्या हाकलायला लागले.